खल्ली वल्ली

आखातात नव्याने आलेल्या माणसाला अरबी येवो न येवो, पहिल्या आठवड्यात तीन शब्द येतातच. पहिला 'खलास'. तो आपण मुंबईहून येतानाच सोबत आणलेला असतो, त्याला कस्टमवाले अडवत नाहीत. दुसरा 'माफी'. याचा क्षमेशी काही संबंध नाही. 'मा फी' म्हणजे 'नाही'. "फुलूस माफी" ऐकून आपले पैसे माफ झाले असं समजून कुणी खूष होऊ नये, पैसे नाहीत इतकंच सांगितलेलं असतं. आणि तिसरा शब्द 'खल्ली वल्ली'.

आजचा लेख या तिसऱ्यावर.

मी राहतो बहरीनमध्ये, मनामाच्या सीफ भागात. (हा सैफ अली खानमधला सैफ नव्हे. तो 'सैफ' म्हणजे तलवार, आणि हा 'सीफ' म्हणजे समुद्रकिनारा. अरबीत दोन्ही एकसारखेच लिहितात, वाचणाऱ्याने आपलं आपण ओळखायचं.) नाव किनाऱ्याचं असलं तरी हा किनारा माणसाने केलेला आहे. समुद्रात भराव घालून जमीन तयार केली, १९९७ साली सीफ मॉल उघडला, २००८ मध्ये सिटी सेंटर आलं, आणि आजूबाजूला काचेचे टॉवर उगवले. हे टॉवर ज्यांनी बांधले आणि ज्यांचे एसी आजही चालू ठेवले आहेत ती माणसं मल्याळी, पंजाबी, बंगाली, तेलुगू, नेपाळी, पठाण. त्यांचा फोरमन एका भाषेचा, इंजिनिअर दुसऱ्या, मालक तिसऱ्या. या सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणारी जी काही भाषा साइटवर बोलली जाते, तिच्यात दिवसातून पन्नास वेळा हा शब्द येतो.

वापर कसा, ते आधी सांगतो. फरशीचा एक तुकडा कोपऱ्यात जरा तुटलाय, बदलायचा का? "खल्ली वल्ली", म्हणजे राहू दे. सप्लायर फोन उचलत नाही? "खल्ली वल्ली", म्हणजे सोड त्याला, दुसरा बघ. भाऊबंदकीची तक्रार घेऊन गावाहून फोन आला? "अरे खल्ली वल्ली!" म्हणजे गेले उडत. कन्सल्टंटने ड्रॉइंग तिसऱ्यांदा परत पाठवलं की आमच्या ऑफिसात कागदावर 'रिजेक्टेड'चा शिक्का दिसतो आणि तोंडी हा शब्द ऐकू येतो. फक्त कन्सल्टंट ते ड्रॉइंगबद्दल म्हणत असतो आणि आमचा ड्राफ्ट्समन कन्सल्टंटबद्दल.

आपल्याकडे नाकारण्यासाठी, झटकून टाकण्यासाठी शब्दांचा काही तुटवडा नाही. 'नारळ देणे' आहे, त्यात निदान निरोपाचं सौजन्य तरी आहे. 'डच्चू देणे' हा क्रिकेटच्या बातम्यांनी जगवलेला शब्द, निवड समिती नसती तर तो केव्हाच मेला असता. 'फाट्यावर मारणे' मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्या वाचकांना माहीत आहेच. पण 'खल्ली वल्ली'च्या सगळ्यात जवळचं मराठी शोधायचं तर मी 'जाऊ दे' आणि 'गेला उडत' यांच्या मधली जागा दाखवीन. एका टोकाला समजूत, दुसऱ्या टोकाला तुच्छता, आणि आवाज किती चढवला त्यावर ठरतं कुठल्या टोकाला आहोत ते. नारळ देणारा आणि डच्चू देणारा मात्र नेहमी वरचा असतो. 'गेला उडत' कुणीही कुणालाही म्हणू शकतो, अर्थात तो पुरेसा लांब गेल्यावर!

आता हा शब्द आला कुठून ते बघू.

मूळ अरबी वाक्य आहे 'खल्लह यवल्ली'. आखाती बोलीतलं रोजचं, जरासं उर्मट वाक्य. 'खल्ल' म्हणजे सोड, होऊ दे. शेवटचा 'ह' म्हणजे त्याला. 'यवल्ली' म्हणजे तो पाठ फिरवून निघून जाईल. सगळं मिळून 'जाऊ दे त्याला तोंड काळं करून'. बाईबद्दल बोलायचं तर 'खल्लहा तवल्ली', अनेकांबद्दल बोलायचं तर 'खल्लहुम यवल्लून'. म्हणजे अरबाच्या तोंडी हे व्यवस्थित चालणारं वाक्य आहे, त्यात लिंग आहे, वचन आहे, कर्ता आहे, कर्म आहे.

साइटवर आल्यावर या वाक्याचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. 'ह' गेला, 'य' गेला, लिंग-वचन गेलं. माणूस असो, बाई असो, दहा जण असोत की तुटकी फरशी असो, सगळ्यांना एकच 'खल्ली वल्ली'. हे अडाणीपणाचं लक्षण मानण्याचं कारण नाही. जिथे अनेक भाषांचे लोक कामापुरतं बोलायला एकत्र येतात तिथे क्रियापदं अशीच गोठतात. आखातातल्या या कामचलाऊ अरबीवर जे. आर. स्मार्ट यांनी १९९० साली 'अँथ्रोपॉलॉजिकल लिंग्विस्टिक्स' या नियतकालिकात लेख लिहिला, आणि तेव्हापासून अभ्यासकांत ती 'गल्फ पिजिन अरेबिक' या नावाने ओळखली जाते. तिचे नियम ऐकले की आपलं व्याकरण ओळखीचं हसतं. अरबीतल्या 'सव्वी' (कर) या एका शब्दापुढे काहीही लावायचं आणि क्रियापद तयार करायचं, 'सव्वी टेलिफोन', 'सव्वी क्लीन'. फोन कर, साफ कर. हा आपला हिंदी-मराठीचा कारखाना, कच्चा माल फक्त अरबी. माणसं मोजायची तर 'खम्सा नफर', पाच माणसं. 'नफर' आपल्या बखरींतही भेटतो, तिथे त्याचा अर्थ चाकर असा आहे.

'खल्ली वल्ली' इतका का टिकला याबद्दल माझं स्वतःचं एक मत आहे. हिंदी-उर्दू बोलणाऱ्याच्या कानाला हा जोडशब्द वाटतो. 'चाय-वाय', 'खाना-वाना', तसा 'खल्ली-वल्ली'. दुसरा शब्द 'व' ने सुरू होतो, पहिल्याशी यमक जुळतं, आणि अर्थात एक बेफिकिरी येते. अरबाला जिथे दोन क्रियापदं ऐकू येतात तिथे कानपूरच्या गवंड्याला एकच शब्द आणि त्याची शेपटी ऐकू येते. आधीच तयार असलेल्या साच्यात बसलेला शब्द कोण विसरणार? (मराठीच्या साच्यात तो 'खल्लीबिल्ली' झाला असता. झाला नाही, कारण साइटवर आपण संख्येने कमी.) मल्याळी लोकांनी त्याचा 'कल्ली वल्ली' केला आणि परत जाताना केरळात नेला.

मराठी कानाला मात्र 'वल्ली' म्हटलं की पु.लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' आठवणार, ज्याला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नुसता ध्वनीचा योगायोग म्हणून मी ते सोडून देणार होतो, पण अरबी शब्द धातूंवर उभे असतात आणि धातू पाहायला गेलं की भलतेच नातेवाईक निघतात.

आधी 'खल्ली'. याचा धातू ख-ल-व, रिकामं असणं. त्यातूनच अरबी 'खाली', म्हणजे रिकामा. मुंबईच्या टॅक्सीवाल्याची 'खाली' गाडी आणि टपोरीचं 'खालीपिली' ही याचीच पिल्लं. (मराठीतलं 'खाली बस'मधलं खाली वेगळं, ते आपलं घरचं.) आणि हिंदी ऐतिहासिक सिनेमात बादशहा हात हलवून "तखलिया!" म्हणतो आणि दरबारी उलट्या पावली बाहेर पडतात, तो 'तखलिया' म्हणजे याच 'खल्ली' क्रियापदाचं नाम. जागा मोकळी करा. एकाच क्रियापदाची ही दोन रूपं, एक सिंहासनावरून फर्मावलेलं आणि एक सिमेंटच्या गोणीवर बसून चहा पिताना म्हटलेलं.

'वल्ली'चं गोत्र याहून मोठं आहे. धातू व-ल-य, आणि त्याचा मूळ अर्थ जवळ असणं, लगत असणं. जो देवाच्या जवळ तो 'वली', त्याचं अनेकवचन 'औलिया', त्यावरून आपला 'अवलिया'. पु.लं.ची 'वल्ली' याच 'वली'ची मराठी आवृत्ती. संतापासून विक्षिप्तापर्यंतचा तिचा प्रवास पुण्या-मुंबईत झाला. वक्फच्या बातम्यांत येणारा 'मुतवल्ली', म्हणजे विश्वस्त, तोही इथलाच. आणि याच धातूचं 'वल्ला' हे क्रियापद म्हणजे तोंड वळवणं. एखाद्याच्या दिशेने वळवणं, आणि एखाद्याकडे पाठ करून चालू लागणं, दोन्ही. जवळिकीच्या धातूतून पाठ फिरवण्याचं क्रियापद निघालं. जो जवळ असतो तोच पाठ फिरवू शकतो, लांबचा काय फिरवणार!

या गोत्रातला अजून एक शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 'मौला'. अरबीत मौला म्हणजे धनी, आणि मौला म्हणजे धन्याच्या आश्रयाला असलेला माणूससुद्धा. नात्याच्या दोन्ही टोकांना एकच नाव. याचं अनेकवचन 'मवाली'. होय, तोच आपला मवाली. जितेंद्रचा १९८३ चा सिनेमा.

सातव्या शतकात अरबांनी इराण, इराक, सीरिया जिंकले तेव्हा तिथल्या ज्या लोकांनी इस्लाम स्वीकारला त्यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. समाज टोळ्यांचा. कुठल्या ना कुठल्या टोळीत असल्याशिवाय माणसाला ना संरक्षण, ना ओळख. म्हणून हे बिगरअरब लोक एखाद्या अरब टोळीचे किंवा माणसाचे 'मवाली' होत, आश्रित होत. धर्म एक, पण दर्जा एक नाही. उमय्या घराण्याच्या काळात, म्हणजे ६६१ ते ७५० मध्ये, मवालींना करात, पगारात, लग्नसंबंधात दुय्यम वागणूक मिळे, आणि ७५० साली अब्बासींनी सत्ता उलथवली तेव्हा या नाराज मवालींचा त्यांना मोठा पाठिंबा होता. पुढे हा शब्द फार्सीतून हिंदुस्थानात आला तोवर त्याचा अर्थ 'सोबतचे हुजरे' असा झाला होता, आणि आपल्याकडे हुजऱ्यांचे गुंड व्हायला वेळ लागत नाही. एकवचन 'मौला' देवापर्यंत चढलं आणि अनेकवचन नाक्यावर जाऊन उभं राहिलं.

स्थानिक धन्याच्या नावाशी बांधलेला परदेशी माणूस. हे वाक्य आठव्या शतकातल्या बसऱ्याबद्दल आहे की आजच्या आखाताबद्दल, असं कुणी विचारलं तर मला सन विचारून घ्यावा लागेल. दोन्ही व्यवस्था एकातून एक निघाल्या असं मी म्हणत नाही, तसं नाहीच. पण 'खल्ली वल्ली'चा जो दुसरा अर्थ मला सांगायचा आहे तो या बांधलेपणाशिवाय कळत नाही.

आखातात परदेशी कामगार 'कफील'च्या नावावर येतो. 'कफील' म्हणजे जामीन राहणारा, आणि व्यवस्था 'कफाला'. व्हिसा त्याच्या नावे, परवाना त्याच्या नावे. ती प्राचीन अरबी परंपरा आहे, वाळवंटातल्या आतिथ्याचा प्रकार आहे असं पुष्कळदा सांगितलं जातं, भारतीय लोकही हौसेने सांगतात. बहरीनचे अभ्यासक ओमर अल-शहाबी यांनी २०१९ मध्ये एका लेखात दाखवलं की आजच्या कफाला व्यवस्थेचा उगम विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश कारभारात आहे, आणि सुरुवात बहरीनमधून, मोत्यांच्या धंद्यापासून झाली.

तेलाआधी बहरीन जगत होता मोत्यांवर. मोती जात मुंबईच्या बाजारात. बोटीचा कप्तान म्हणजे 'नोखदा', आपल्या कोळ्यांचा 'नाखवा' तोच. हंगामाआधी तो पाणबुड्यांना उचल देई. हंगाम संपला की हिशोबात पाणबुड्याकडेच बाकी निघे, आणि ती बाकी पुढच्या वर्षी त्याला त्याच बोटीवर परत आणी. दुसऱ्या नाखव्याकडे जायचं तर पहिल्याकडून एक चिठ्ठी लागे, 'बरवा'. त्यात लिहिलेलं असे की याच्याकडे माझं काही देणं नाही, किंवा इतकं आहे. चिठ्ठी नसलेल्याला कुणी कामावर घेत नसे. १९२० च्या दशकात इंग्रजांनी पाणबुड्यांना हिशोबाची वही द्यायला लावून यात काही सुधारणा केल्या, पण त्याच काळात बाहेरून येणाऱ्या पाणबुड्यांवर नजर ठेवायची तर त्यांची जबाबदारी कुणा स्थानिक माणसाच्या गळ्यात घालावी ही कल्पनाही रुजली. मंदीत उचल कमी झाली तेव्हा १९३२ मध्ये मनामात पाणबुड्यांनी दंगा केला. त्याच वर्षी जबल दुखानला तेल लागलं. पाणबुड्यांची जागा तेल कंपनीच्या कामगारांनी घेतली, त्यातले कितीतरी मुंबईत भरती होऊन आले, आणि 'बरवा'च्या जागी टंकलिखित कागद आला, 'नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट'.

एनओसी! आपल्या सरकारी मराठीत 'ना हरकत दाखला'. इथे एक गंमत आहे. 'हरकत' हा शब्दही अरबीच, पण अरबीत 'हरकत' म्हणजे हालचाल. त्यामुळे 'ना हरकत' शब्दशः अरबाला समजावून सांगितलं तर त्याला वाटेल, हालचाल बंद. जुन्या मालकाच्या सहीशिवाय नवीन नोकरी धरू न शकणाऱ्या माणसाची स्थिती मराठी सरकारी शब्दाने नकळत अगदी अचूक सांगितली आहे.

तर मग कामगार आहे, पगार चार महिने आला नाही, पासपोर्ट मालकाच्या कपाटात, एनओसी मिळत नाही. तो काय करतो? एका सकाळी कॅम्पमधून निघतो आणि परत येत नाही. मालक कामगार खात्यात कळवतो, अमुक माणूस गैरहजर. त्या दिवसापासून तो कागदोपत्री कुणाचाच नाही. त्याला साइटवरचे लोक काय म्हणतात? "वो खल्ली वल्ली हो गया." इथे शब्दाचं व्याकरण पुन्हा बदललं. अरबाच्या वाक्यात तो हुकूम होता, साइटवर उद्गार झाला, आणि आता तो माणसाचं विशेषण झाला. खल्ली वल्ली माणूस. ना कफील, ना परवाना, ना विमा, ना परतीचं तिकीट.

आमच्या इमारतीत एसी दुरुस्तीला एक चाचा येत. चिपळूणकडचे, पन्नाशी उलटलेले, कोकणी ढंगाचं मराठी बोलणारे. मी मराठी निघालो म्हटल्यावर एसीचा फिल्टर नेहमीपेक्षा बराच वेळ साफ होत असे. एकदा मी म्हटलं, "चाचा, या महिन्यात गॅलरीतलं युनिट पूर्ण बदलायचंय, तुमच्या कंपनीचं कोटेशन द्या." ते हसले. "साहेब, कंपनी कुठली? मी खल्ली वल्ली. दोन वर्षं झाली." जसं एखाद्याने 'मी रत्नागिरी जिल्ह्यातला' म्हणावं तसं म्हणाले. मग स्क्रू पिळता पिळता बाकीचं सांगितलं. कंपनीने पगार थकवला, मागितला तर घरी पाठवायची धमकी दिली, घरी जायला यांची ना नव्हती पण थकलेला पगार सोडून जायला मन होईना. आईच्या मयतीला जाता आलं नव्हतं, कारण विमानतळावर गेलं की पकडणार. दाढदुखीसाठी डॉक्टरकडे जायलाही कार्ड लागतं, म्हणून एक दाढ त्यांनी एका ओळखीच्या न्हाव्याकडून काढून घेतली होती. हे सांगतानाही शेवटी "असो, खल्ली वल्ली" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. तेव्हा तो शब्द मला पहिल्यांदा दोन्ही अर्थांनी एकदम ऐकू आला. दुसऱ्याने त्यांना उद्देशून म्हटलेला, आणि त्यांनी त्या दुसऱ्याला उद्देशून.

२०१५ च्या जुलै ते डिसेंबर बहरीन सरकारने अशा लोकांसाठी सार्वत्रिक माफी जाहीर केली. (ही खरी माफी, 'मा फी' नव्हे.) दंड न भरता एकतर कागद नीट करून घ्या, नाहीतर घरी जा. चाचा घरी गेले. थकलेला पगार इथेच राहिला.

न्यायाने सांगायचं तर आखातातल्या देशांत बहरीनने या बाबतीत बरंच आधी हातपाय हलवले. २००६ च्या कायद्याने कामगार बाजाराचं नियमन करणारं स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं. ऑगस्ट २००९ पासून मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा आली, आणि तेव्हाच्या कामगारमंत्र्यांनी जुन्या कफाला व्यवस्थेची तुलना चक्क गुलामगिरीशी केली होती. २०११ मध्ये मात्र त्यात अट घातली गेली, आधी एक वर्ष त्याच मालकाकडे काढा. २०१७ मध्ये 'फ्लेक्सी परमिट' आलं, म्हणजे परवाना रद्द झालेल्या माणसाने स्वतःचे पैसे भरून स्वतःच स्वतःचा कफील व्हायचं. कल्पना मला आवडली होती. सोयही झाली हजारोंची, पण पैसे भरायचे कामगारानेच, आणि छोट्या व्यापाऱ्यांची ओरड की हे लोक आमच्या पोटावर पाय देतात. २०२२ मध्ये ते बंद होऊन त्याजागी नोंदणीची वेगळी पद्धत आली. २०२० मध्ये करोनाच्या काळात आणखी एक माफी झाली. नियम एवढ्या वेळा बदलले तरी शब्द टिकून आहे, यावरून काय समजायचं ते समजा.

केरळच्या बेन्यामिन यांनी 'आडुजीवितम्' ही कादंबरी लिहिली तेव्हा ते बहरीनमध्येच नोकरी करत होते. २००८ साली ती आली, २०२४ मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. सौदी वाळवंटात शेळ्या राखायला जुंपलेल्या माणसाची ती गोष्ट. तिच्यातला धनी म्हणजे 'अरबाब', तोही या कामचलाऊ अरबीतलाच शब्द. मराठीत आखातावर असं काही नाही. आपल्या कोकणातून पिढ्यान् पिढ्या माणसं इथे येतात, तरी अमेरिकेतल्या बर्फावर मराठीत जेवढं लिहिलं गेलंय त्याच्या शंभरावा हिस्साही आखातातल्या उन्हावर लिहिलं गेलेलं नाही. आमच्यासारखे टॉवरमधले लोक लिहितात ते मॉलबद्दल आणि पेट्रोलच्या भावाबद्दल.

शब्दांची ने-आण एकतर्फी आहे असंही नाही. इथे रस्ता विचारला की बहरीनी माणूस हात समोर करून "सीदा!" म्हणतो. हा आपला 'सीधा', मूळ अरबी नाहीच. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपया चालायचा, शेवटची काही वर्षं तर रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेला. दहा रुपयांना एक दिनार या दराने बदल झाला, म्हणून दिनाराच्या दहाव्या भागाला, शंभर फिल्सना, जुनी माणसं अजूनही 'रुबिया' म्हणतात. मग आपण त्यांच्या एका वाक्याची मोडतोड केली तर त्यांनी तक्रार का करावी? करत नाहीतच. उलट आता बहरीनी पोरंसुद्धा आपसात, व्याकरण बाजूला ठेवून, आपलं मोडकं 'खल्ली वल्ली'च वापरतात. अरबी वाक्य कामगारांकडे गेलं, तिथे त्याचे हातपाय तुटले, आणि तसंच ते परत अरबी घरात शिरलं.

२०१८ च्या 'पद्मावत'मध्ये 'खलीबली' नावाचं गाणं आलं तेव्हा आमच्याकडे प्रत्येक पार्टीत वाद झाला की हे आपलं 'खल्ली वल्ली'च का. माझ्या मते नव्हे. ते हिंदी 'खलबली'च्या, म्हणजे आपल्या 'खळबळी'च्या जवळचं वाटतं. पण लोकांना हवं ते लोक ऐकतात.

वापरायचा सल्ला विचाराल तर एवढंच सांगेन. वस्तूबद्दल खुशाल म्हणा, हवामानाबद्दल म्हणा, क्रिकेटच्या निकालाबद्दल म्हणा. समोरच्या माणसाबद्दल, विशेषतः तो बहरीनी आणि वयाने मोठा असेल तर, चुकूनही नको. त्याला ते मोडकं ऐकू येत नाही, त्याला अख्खं मूळ वाक्य ऐकू येतं. आणि साइटवर कुणी स्वतःबद्दल "मी खल्ली वल्ली" म्हणालं तर हसू नका. त्याला विचारा पगार किती महिन्यांचा राहिलाय ते. माझ्या अनुभवात तो आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो.